कुडातला कप

आमच्या गोठ्याच्या कुडात, दाराच्या उजव्या अंगाला, एक कप खोचलेला असायचा. पांढऱ्या चिनीमातीचा, कान तुटलेला. तो सालदाराचा कप. घरून चहा आला की सालदारानं तो कप आपल्या हातानं काढायचा, समोर धरायचा, वरून चहा ओतला की प्यायचा, टाक्यावर विसळायचा अन् पुन्हा कुडात खोचायचा. हा नियम माझ्या बापानं केला नव्हता, त्याच्या बापानंही केला नव्हता. कोणी केला ते माहीत नाही. पण मोडायची हिंमत आमच्या घरात कोणाला झाली नाही.

मी 1977 साली दहावी पास झालो. पुढं शिकणं झालं नाही, वावरात लागलो. शाळेत रोज सकाळी हात समोर करून प्रतिज्ञा म्हणायचो. पाठ होती, आजही आहे. पण शाळेतून घरी आलो की दप्तर खुंटीला अन् प्रतिज्ञाही खुंटीला. गोठ्यात गेलो की तोच कप दिसायचा, त्यात काही चुकलं आहे असं कधी मनात आलं नाही. पुस्तकातला धडा वेगळा अन् घरातला धडा वेगळा, एवढं लहानपणीच कळून जाते. कोणता धडा खरा धरायचा, तेही कळून जाते.

1978 च्या एप्रिलात मी मामाच्या गावी होतो. आर्वीच्या पलीकडचं गाव, नाव लिहीत नाही. चौदा तारखेला बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक निघाली. ती आमच्या आळीतून जाऊ द्यायची नाही असं पाच-सहा पोट्ट्यांनी ठरवलं. मोठ्या माणसांनी ठरवलं नव्हतं, पण त्यांनी अडवलंही नाही. मी पाहुणा होतो. पाहुण्यानं मागं राहू नये म्हणून मी पुढं झालो. अंधार पडला होता, गॅसबत्त्यांचा उजेड होता. माझ्या हातात दगड होता. तो मी मारला. कोणाला लागला ते दिसलं नाही. आरडाओरड झाली तसे आम्ही पळालो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी रोहण्याला परत आलो.

घरी कोणाला सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून नाही. खरं लिहायचं तर, त्या वेळी मला आपण काही मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या पाडव्याला आमच्याकडे नवा सालदार राहिला. तो मामाच्याच गावचा होता. मामानंच चिठ्ठी देऊन पाठवला होता. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, पण मी त्याला अरे-तुरे करायचो. रीतच होती. कामाला वाघ होता. तिफण धरली की ओळ सरळ निघायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर ज्वारी कणसात भरली होती अन् डुकरं फार झाली होती. मी अन् सालदार, दोघं जागलीला जायचो. एका रात्री थंडी अशी पडली की घोंगडी ओली असल्यासारखी लागत होती. घरून माझ्यासाठी आलेला चहा वाटेतच सांडला होता. सालदारानं शेकोटीवर आपली जर्मनची किटली ठेवली. जाळ पाहत बसलो होतो तर तो म्हणाला,

"भाऊ, मागच्या सालच्या जयंतीले तुम्ही मामाच्या घरी होते म्हने."

"होतो," मी म्हणालो.

"माह्या बहिणीच्या पोराले लागलं त्या रात्री. कपाळावर. चार टाके पडले."

मी काही बोललो नाही. शेकोटीत काडी सारली. तोही पुढं बोलला नाही. किटली उतरवली, एकच पेला होता, तो धुतला, त्यात चहा ओतला अन् माझ्यासमोर धरला.

"घ्या. थंडी लय हाय."

गुळाचा काळा चहा. मी प्यालो. मग त्याच पेल्यात तो प्याला.

दगड कोणी मारला असं त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो, अन् एकदा खोटं बोललो असतो तर त्या खोट्याची राखण करत बसलो असतो. त्यानं माझ्यासाठी जागा सोडली. त्या रात्रीपासून मी त्याला काका म्हणू लागलो. वावरात. घरी नाही.

त्या रात्रीनंतर मी बदललो अन् कप फेकून दिला, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. कप आणखी सहा वर्षं कुडात होता. मी रोज पाहत होतो अन् रोज गप्प राहत होतो. कप काढला तो माझ्या बायकोनं. 1985 साली आमचं लग्न झालं. त्याच वर्षी पोळ्याच्या दिवशी बैलांना नैवेद्य झाला, सालदाराला जेवायला बोलावलं, तर हिनं त्याचं ताट ओसरीवर, आमच्या पंगतीत मांडलं. माझा बाप तिच्याकडे पाहत राहिला. ती म्हणाली, "बैलाची पूजा घरात अन् बैलामागचा मानूस गोठ्यात? माह्या माहेरी असं नसते." तिच्या माहेरी असंच होतं, ते मला माहीत होतं. पण नव्या सुनेला माहेरावरून खोटं पाडायचं कसं? बाप गप्प बसला. दुसऱ्या दिवशी कप उकिरड्यावर होता. ती सातवी शिकलेली आहे.

हे सगळं मी चाळीस वर्षं कोणाला सांगितलं नाही. सांगायची पाळी पोरानं आणली.

पोरगा आमचा एकच. नागपूरला राहून इंजिनिअर झाला. आमच्या घरातला पहिला. मग एका कारखान्यात ठेक्यावर लागला. 2020 च्या टाळेबंदीत ते काम गेलं अन् तो घरी आला. शेती त्याला येत नव्हती असं नाही, पण शेतात त्याचं मन नव्हतं. अठ्ठाविसाव्या वर्षी बापाकडून पेट्रोलचे पैसे मागणं त्याला जड जायचं. लग्नाची बोलणी यायची अन् नोकरी विचारून परत जायची. दिवसभर मोबाईल. कोणत्या तरी गटात शिरला. तिथं त्याला "भाई" म्हणायचे, त्याचं मत विचारायचे. घरी त्याचं मत कोणी विचारत नव्हतं, मीही नाही. हे मला फार उशिरा उमगलं.

हळूहळू त्याची भाषा बदलली. जेवताना एकच विषय, मुसलमान. त्यांनी असं केलं, ते तसं करणार आहेत. मी म्हणायचो, "आपल्या गावात कोनं काय केलं, सांग." तो मोबाईल दाखवायचा. कुठल्या तरी गावाचा व्हिडिओ. खरा की खोटा, तो जाणे. मी एक उदाहरण द्यायचो, तो दहा द्यायचा. दहावीवाल्यानं इंजिनिअरशी वाद घालावा तरी किती? शिकलेला माणूस वादात लवकर हरत नाही. आपल्याला जे आधीच पटलं आहे त्याच्यासाठी पुरावे कसे गोळा करायचे, एवढं तर शिक्षण त्याला शिकवतेच.

आमच्याकडे मोटारी भरून देणारे एक चाचा आहेत. त्यांचे वडील पिंजारी, गावोगाव फिरून गाद्या-रजया भरायचे. चाचांनी मोटार वायंडिंगचं काम शिकून रस्त्यावर दुकान टाकलं. तीस वर्षं झाली, माझ्या विहिरीतली मोटार त्यांच्याशिवाय कोणी उघडली नाही. पोरगा लहान असताना त्यांच्या दुकानातली तांब्याची तार गोळा करून आणायचा अन् बैलं बनवायचा.

2022 च्या हिवाळ्यात चणा फुलावर होता अन् मोटार जळली. मी चाचांना फोन केला. ते पाने-पकडीची थैली घेऊन आले. पोरगा धुऱ्यावर उभा होता. म्हणाला, "आमच्या वावरात पाय ठेवायचा नाही. आम्ही आर्वीवरून मानूस आनतो."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी विहिरीवर होतो, दूर होतो, पण ऐकू आलं. त्यांनी थैली खांद्यावर टाकली अन् काही न बोलता वळले. मी पळत आलो अन् पोराच्या कानाखाली वाजवली. निंदणाऱ्या बाया पाहत होत्या. एकोणतीस वर्षांचा पोरगा. तो एक शब्द बोलला नाही. घरी गेला, वरच्या खोलीत सामान नेलं अन् माझ्याशी बोलणं बंद केलं.

त्या दिवशी मला वाटलं, बापाचं कर्तव्य केलं. आज कळते की त्या थपडेनं मी त्याच्या गटाला एक माणूस पक्का करून दिला. चार बायांसमोर मार खाल्लेला माणूस विचार करत नाही, हिशेब ठेवते.

संध्याकाळी मी चाचांच्या दुकानात गेलो. माफी मागू लागलो तर त्यांनी स्टूल पुढं सरकवला.

"पोराले माराचं नाही भाऊ. तो माह्यावर नाही रागावला. मोबाईलमधल्या मानसावर रागावला. मले तर तो वळखते." मग थोडं थांबून म्हणाले, "मोटार माह्याकडे पोचवून द्या, भरून ठेवतो. पन न्यायले तुम्ही नका येऊ. त्यालेच पाठवा. पैसेबी त्याच्याच हातानं."

मोटार मी पोचवली. पोराला सांगितलं नाही. बोलणंच नव्हतं तर सांगणार कसं? आर्वीचा माणूसही त्यानं आणला नाही. चण्याचं एक ओलीत चुकलं अन् घाटे पोचट निघाले. भरलेली मोटार चाचांच्या दुकानात महिनोन्महिने पडून होती. येता-जाता दिसायची.

त्या दिवसांत मी दोन-तीनदा पवनारला गेलो. मन लागलं नाही की मी तिकडे जातो. धाम नदीच्या काठावर बसतो, आश्रमातून एखादं पुस्तक घेऊन येतो. आमच्या जिल्ह्यात गांधीजी राहिले, विनोबा राहिले, त्याचं आम्हाला एवढंच झालं की पाहुणे आले की त्यांना सेवाग्राम-पवनार दाखवून आणायचं. पण त्या वेळी मला एकच जाणून घ्यायचं होतं. दुसऱ्या टोकाला गेलेल्या माणसाशी या लोकांनी काय केलं?

विनोबा 1951 साली इथून पायी हैदराबादकडे निघाले. तेलंगणात तेव्हा जमिनीवरून रक्त सांडत होतं. रात्री कम्युनिस्टांची बंदूक, दिवसा सरकारची. विनोबा तिथं पोचले अन् आधी हैदराबादच्या तुरुंगात जाऊन कैदेतल्या कम्युनिस्टांना भेटले. तिथून पुढं गावोगाव निघाले. 18 एप्रिलला पोचमपल्लीत हरिजनांच्या चाळीस घरांनी ऐंशी एकर जमीन मागितली अन् रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर दिली. भूदान तिथून सुरू झालं, हे आपण शाळेत वाचलं. तुरुंगातल्या भेटीचं मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. त्याच साली ऑक्टोबरात कम्युनिस्टांनी तो सशस्त्र लढा मागं घेतला. तो विनोबांमुळं घेतला असं मी म्हणणार नाही. सैन्य होतं, पक्षात आपसात वाद होते, निवडणुका तोंडावर होत्या. पण ज्याला सगळे राक्षस म्हणत होते त्याला आधी भेटावं, तो काय म्हणते ते ऐकावं अन् त्याच्या रागाचं कारण जमिनीत शोधावं, हे या माणसाला सुचलं.

दुसरी गोष्ट वाचली ती मनात रुतून बसली. गांधीजींचे तिसरे चिरंजीव रामदास गांधी आपल्या नागपूरलाच राहत. 1949 साली त्यांनी तुरुंगात नथुराम गोडसेला पत्र लिहिलं. बाप मारणाऱ्याला पत्र. केलं ते चूक होतं, हे त्यानं समजून घ्यावं, पश्चात्ताप करावा, एवढंच त्यांचं म्हणणं. नथुरामनं उत्तर दिलं. आपलं मत काही सोडलं नाही. विनोबा अन् किशोरलाल मशरूवाला यांना सोबत घेऊन आपण त्याला तुरुंगात भेटावं, अशी रामदासभाईंची इच्छा होती. त्याची फाशी टळावी म्हणूनही त्यांनी अन् मणिलालभाईंनी सांगून पाहिलं. ती भेट झाली नाही. 15 नोव्हेंबर 1949 ला अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली.

भेट झाली असती तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. नथुरामचा भाऊ गोपाळ गोडसे 1964 साली सुटला, 2005 पर्यंत जगला, अन् शेवटपर्यंत त्यानं आपलं खरंच म्हटलं. तेव्हा बोललं की माणूस बदलतोच असं नाही. पण रामदासभाईंनी पत्र लिहिलं तेव्हा नथुराम बदलेल याची हमी घेऊन लिहिलं नव्हतं. मी मात्र पोराला थपडेशिवाय काही दिलं नव्हतं, अन् त्यानं तर कोणाचा जीवही घेतला नव्हता.

घरी येऊन बायकोला हे सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पुस्तकातलं मले सांगून काय फायदा? त्याले तुमचं सांगा. दगडाचं." तिला मी लग्नानंतर कधी तरी सांगितलं होतं, तिला एकटीलाच. मी म्हणालो, "पोराच्या नजरेतून उतरीन." ती म्हणाली, "आता कोनत्या नजरेत हाय?"

त्या रात्री मी वरच्या खोलीत गेलो. दारातच उभं राहून सांगितलं. मिरवणूक, दगड, जागल, किटली, कप, सगळं. उपदेश केला नाही. करायची सोयच नव्हती. त्यानं मोबाईल उलटा ठेवला अन् ऐकलं. सहा महिन्यांनी तो माझ्याशी पहिला शब्द बोलला तो असा,

"मंग त्या पोराचं काय झालं?"

"कोणत्या?"

"ज्याले लागला त्याचं."

मी म्हणालो, "माहीत नाही. कधी विचारलं नाही."

"मंग मले काहून शिकवता?"

तो बरोबर बोलला होता. सालदारकाका 2009 साली वारले. त्यांच्या मयतीला गेलो, तेरवीला गेलो. पण त्यांच्या बहिणीच्या पोराचं नावही कधी विचारलं नाही. काकांच्या पेल्यातला चहा पिऊन मी आपला गुन्हा आपणच माफ करून घेतला होता.

आठ दिवसांनी पोरानंच गाडी काढली. "चला," एवढंच म्हणाला. मामाच्या गावी गेलो. विचारत विचारत घर सापडलं. ते गृहस्थ एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन गावी राहतात. पक्कं घर, दारात तुळस नाही, पिंपळाचं रोप आहे, आत बुद्ध अन् बाबासाहेब. पोरी शिकलेल्या, एक नर्स आहे. डाव्या भुवईच्या वर खूण अजून दिसते.

मी सालदारकाकांची ओळख सांगितली, ते खुश झाले, मामाच्या आठवणी निघाल्या. मग मी सांगितलं. ते पुष्कळ वेळ बोलले नाहीत. आतून पाणी आलं. मग म्हणाले,

"तो दगड तुम्ही मारला?"

"हो."

"मी तो दुसऱ्याच्या नावावर लिहिला होता. आमच्याच वर्गातला होता तो. त्या रात्री तो सगळ्यांत पुढं दिसला होता. पंचेचाळीस वर्षं एका गावात राहून मी त्याच्याशी बोललो नाही. माझ्या गाडीत बसला तर तिकीट फाडून द्यायचो, तोंडाकडे पाहायचो नाही. त्यानं दोनदा बोलायचा प्रयत्न केला. मला वाटलं, ढोंग करते. चार साल झाले, गेला तो. मयतीले मी नाही गेलो."

मला काही सुचेना.

"भाऊ, तुमचा एक दगड दोघाले लागला," ते म्हणाले.

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मी माफी मागितली, ती त्यांनी ऐकून घेतली. चहा झाला. निघताना त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला अन् काय शिकला ते विचारलं. माझ्या खांद्यावर ठेवला नाही. का ठेवावा?

येताना आर्वीपर्यंत आम्ही बोललो नाही. आर्वीला पेट्रोल भरताना पोरगा म्हणाला, "तुम्ही लवकर सांगतलं असतं तर ते दोघं बोलले असते."

"हो," मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी सकाळी वावरात गेलो तर विहिरीवर मोटार होती. भरलेली, वंगण केलेली. कोणी आणली ते मी विचारलं नाही. दुकानात काय बोलणं झालं तेही विचारलं नाही. चाचांनीही सांगितलं नाही. फक्त एकदा म्हणाले, "पैसे कमी द्याले लागला होता, मी पुरे घेतले." तेव्हा समजलो की ठीक झालं आहे.

2025 च्या दिवाळीच्या आधी, 15 ऑक्टोबरला, गडचिरोलीची बातमी टीव्हीवर होती. माओवाद्यांचा मोठा नेता भूपती साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्र खाली ठेवत होता. 1980 च्या सुमारास तेलंगणाकडून ज्या तुकड्या नदी ओलांडून गडचिरोलीत आल्या, त्यांच्यातूनच ही चळवळ वाढली. भूपती तेलंगणाचा, वाणिज्य शाखेचा पदवीधर. चाळीस वर्षांहून जास्त काळ जंगलात. त्याची बायको तारक्का त्याच वर्षी 1 जानेवारीला गडचिरोलीतच आधी परत आली होती. त्यांचा सरचिटणीस बसवराजू मे महिन्यात अबुझमाडमध्ये मारला गेला, तो तर वारंगळला शिकलेला इंजिनिअर. म्हणजे पदवी यांच्याकडेही होती. पदवीनं त्यांना जंगलात जाण्यापासून अडवलं नाही. परत यायला बंदुकीचा धाक होता, थकलेलं वय होतं, लढून काही हाती लागत नाही हे दिसलेलं होतं, अन् आधी परत गेलेल्या माणसांना कोणी मारून टाकलं नाही, हेही दिसलेलं होतं.

पोरगा माझ्याजवळ बसून पाहत होता. म्हणाला, "एवढे लोक मारले. आता घर भेटन, पैसा भेटन. ज्याच्या घरचा मानूस गेला त्यानं काय कराव?"

त्याचं म्हणणं खोटं नाही. मारले गेले त्यात पोलीस होते, अन् खबऱ्या ठरवून मारलेले गरीब माडिया-गोंडही होते. त्यांच्या घरी कोण चहा घेऊन गेलं? मी म्हणालो, "परत येनाऱ्याले वाट पाहिजे. अन् ज्याले लागलं त्याले खरं काय झालं ते समजलं पाहिजे. दोन्ही पाहिजे. मी एकच केलं होतं, म्हनून पंचेचाळीस वर्षं लागले." त्यानं मान हलवली नाही, पण उठूनही गेला नाही.

शिक्षणानं माणूस बदलतो का, असं कोणी विचारलं तर मी माझ्याच घराकडे पाहून सांगीन. शिक्षणानं कंडक्टरसाहेबांना पोट दिलं, मान दिला, त्यांच्या पोरींना पुढं नेलं, अन् ते थोडं नाही. पण मनातला राग त्यानं नेला नाही. माझ्या पोराला शिक्षणानं बोलायला शब्द दिले, कोणाशी बोलावं ते दिलं नाही. मला जे थोडं फार वळवलं ते सालदाराच्या पेल्यानं अन् सातवी शिकलेल्या बायकोनं. तिनंही वाद घातला नाही, ताट मांडलं. अन् ज्याला वळवायचं त्याच्यासमोर आपला दगड आधी कबूल करावा लागते. तोपर्यंत आपलं सगळं बोलणं त्याला ढोंगच वाटते, अन् ते ढोंगच असते.

पोरगा पूर्ण बदलला असं मी लिहिणार नाही. गट त्यानं सोडला नाही. "सगळेच चाचासारखे नसतात," असं अजून म्हणते. मी आता उदाहरणं देत नाही. त्याचं मत विचारतो, शेतीचंही विचारतो. यंदा ठिबकचा त्याचा हिशेब माझ्यापेक्षा बरोबर निघाला.

मागच्या आठवड्यात चण्याला पाणी द्यायचं होतं. केबल खराब झाली होती म्हणून चाचा आले होते. काम झाल्यावर तिघं विहिरीवर बसलो. पोरानं मोबाईल काढला, काही तरी लागलं, तोच नेहमीचा चढा आवाज, तोच विषय. चाचा पकड पुसत होते. पोरानं त्यांच्याकडे पाहिलं अन् मोबाईलचा आवाज कमी केला. बंद नाही केला, कमी केला.

मी काही बोललो नाही. पाणी सरीच्या टोकाला पोचलं होतं, उठून बारं मोडलं.